बाहेरचं कापड

चूक माझी होती. वजन वाचवायला तंबूचं बाहेरचं कापड मी घरी ठेवून गेलो आणि त्यामुळे माझ्या बायकोची लाज चार माणसांसमोर उघडी पडली. एवढं मी नंतर बऱ्याच जणांजवळ कबूल केलं. ते सोपं होतं, कारण त्यात मी फक्त बावळट ठरत होतो. त्याच्या पुढचं मात्र फार दिवस कोणाला सांगितलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याशी तर मी खोटं बोललो.

आम्ही भिलाईला सेक्टर 2 मधल्या क्वार्टरमध्ये राहतो. माझे वडील भंडाऱ्याकडून इथे पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले, मीही पुढे प्लांटमध्येच लागलो. क्रेन चालवतो. वर केबिनमध्ये बसायचं आणि खालचा टनांचा माल उचलून इकडचा तिकडे ठेवायचा, अर्धं आयुष्य यात गेलं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा घर एकाएकी शांत झालं. बायको त्या शांततेत राहिली. मी पळ काढला. आमच्या शॉपमधल्या, म्हणजे प्लांटातल्या आमच्या विभागातल्या, चौघांचा मोटरसायकलवर फिरायचा गट होता, त्यात मी पाचवा झालो. सुट्टी मिळाली की निघायचं, गाड्या एखाद्या गावात लावायच्या, पाठीवर सामान घेऊन टेकडी चढायची, रात्री तिथेच तंबू टाकून झोपायचं आणि सकाळी परत. सुरुवातीला मी दुसऱ्याच्या तंबूत झोपायचो. मग स्वतःचा घ्यायचं ठरवलं.

बायकोच्या कानावर हे गेलं तशी ती म्हणाली, "मले बी घेऊन चाला एकदा."

"तू? जमिनीवर झोपशील?"

"मी काय पलंगावर जन्मली का? पोरगी होती तवा बापाच्या वावरात माळ्यावर झोपत होतो आमी, धान राखाले. मले एक रात्र पायजे बस, डोक्यावर पंखा नसलेली."

हे ती भांडी घासता घासता म्हणाली, मागे वळूनही न बघता. लग्नानंतर तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं. तंबू घ्यायचा तो दोघांचा, असं मी तेव्हाच मनात धरलं. माझा हेतू चांगला होता, एवढंच आज माझ्या बाजूनं सांगता येतं.

तंबू निवडणं हे एक वेड आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ड्युटीवरून आलो की मी मोबाईलवर तंबूंचे व्हिडिओ बघत बसायचो. दांड्या घडी केल्यावर मोटरसायकलच्या बॅगेत मावतात का, की बाहेर लोंबतात. तंबू आपल्या दांड्यांवर उभा राहतो, की दोऱ्या ताणून खुंट्यांना बांधावा लागतो. आमच्याकडच्या मुरमाड भाठा जमिनीत खुंटी शिरत नाही, वाकते, म्हणून आपला आपण उभा राहणाराच हवा. दोन माणसांचा म्हणजे खरोखर दोन माणसांचा, की खांद्यावर खांदा चढवून झोपायचा. या सगळ्यात बुद्धी लागते आणि ती मी लावली. पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट बसली होती, वजन. व्हिडिओतली माणसं ग्रॅमचा हिशेब करायची. कोणी खुंट्या बदलून वजन कमी केलेलं, कोणी पिशवीची दोरी कापून. मी आयुष्यभर टनांत काम केलेला माणूस, पण मला त्या ग्रॅमांची चटक लागली.

बायकोनं एकच अट घातली होती.

"आतमंदी कपडे बदलता आले पायजे. बाकी तुमचं तुमी पाहा."

"उभं राहता नाई येणार. बसून बदलशील?"

"बसून बदलीन. पण कोणाले दिसाले नको."

"बंद असते सारं. चेन हाय त्याले."

तंबू आला तो दोन भागांत. आतली खोली म्हणजे खाली जाड कापडाची जमीन आणि वर जवळजवळ सगळी जाळी, राखाडी, मच्छरदाणीसारखी. तिच्यावर घालायचं बाहेरचं कापड वेगळं. ते पावसाला, थंडीला आणि आडोशाला. हे तिसरं कारण कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण कोणत्याही शहाण्या माणसाला समजलं असतं. मी दोन्ही भाग किराणावाल्याकडे नेऊन त्याच्या काट्यावर ठेवले. तो तांदळाची पिशवी बांधता बांधता म्हणाला, "भैया, ये कौन सी सब्जी है? क्या भाव दिए?" दुकानातली माणसं हसली. मी हसलो नाही, मी आकडा बघत होतो. एकट्या बाहेरच्या कापडाचंच वजन जवळजवळ आतल्या खोलीएवढं भरत होतं.

त्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. आता जे सांगतो ते आमच्यासारख्या पाळीवाल्याकडूनच व्हावं. आमची रात्र दिवसा असते. सकाळी प्लांटमधून आलो, क्वार्टरच्या मागच्या अंगणात आतली खोली उभी केली, बाहेरचं कापड न घालता, आणि आत शिरून झोपलो. वारा खेळत होता. दुपारी बायको भाजी वाळत घालायला आली तेव्हा मी आतून आवाज दिला.

"मी दिसून राहिलो का गं?"

तिनं कपाळावर हात धरून बघितलं. "नाई. जाळीच चमकून राहिली नुसती. तुमी कुठं हात?"

"इथंच, समोर."

"आवाजच येते बाप्पा. भुतासारखा."

ती हसली आणि मी खूश झालो. म्हणजे जाळीतून दिसत नाही, ठरलं. तंबूची परीक्षा झाली, पास झाला. दिवसा बाहेर ऊन असतं आणि आत सावली, म्हणून दिसत नाही, रात्री बाहेर अंधार आणि आत दिवा असला की सगळं उलटं होतं, हे मला का सुचलं नाही? खिडकीला पडदा नसलेलं घर रात्री रस्त्यावरून कसं दिसतं, हे काय मी बघितलं नव्हतं? पण ज्या आठवड्यात मी तंबूत झोपून बघितलं, त्या आठवड्यातल्या सगळ्या रात्री मी क्रेनच्या केबिनमध्ये काढल्या होत्या.

फेब्रुवारी सरता सरता आम्ही निघालो. ठरलं होतं बालोदच्या पुढे, तांदुला धरणाच्या पाण्यापलीकडे जंगलात एक रात्र. आमच्याच रस्त्यावर राहणारा माझा शेजारी, शॉपमधला माझा जुना जोडीदार, गटातलाच, त्याची बायकोही येणार होती. आदल्या दिवशी तिनं नाही म्हटलं, पोराची परीक्षा होती. निघायच्या सकाळी मी बायकोला म्हटलं, "मंग तू एकटीच बाई राहशील. राहू दे का?"

"आता कावून राहू दे? भाकरी भाजून झाल्या." मुलीची जुनी जीन्स तिनं घातली होती, वर कुर्ता, आणि आरशासमोरून उठत नव्हती. "कशी दिसून राहिली मी? हिरोईन?"

"हिरोईनची आई."

"मंग तुमी हिरोईनचा बाप. चाला."

निघताना सामान बांधताना तिनं पलंगावर पडलेलं बाहेरचं कापड बघितलं. "अजी, हे राहिलं ना."

"ते पावसाचं हाय. पाऊस कुठं हाय?"

"आडोशाले?"

"तूच तं म्हटलं काई दिसत नाई म्हणून."

तिनं कापड घडी करून पलंगावरच ठेवलं. तिनं खरंच तसं म्हटलं होतं.

उतईला चहाला थांबलो. गटातल्या एका तरुण पोराजवळ हुकाचा वजनकाटा होता आणि प्रत्येकाच्या रात्रीच्या सामानाचं वजन करायचा खेळ ठरला होता. खरं तर मला तो खेळ आधीच माहीत होता, आणि बाहेरचं कापड पलंगावर राहण्याचं तेच कारण होतं. माझी तंबूची पिशवी त्या पोरानं एका बोटावर उचलली. "दादा, गजब हलका है. दो लोग का है ये?" शेजारी म्हणाला, "अरे, याच्यात वहिनी मावते का? रात्री अर्धी वहिनी बाहेर झोपन." सगळे हसले, बायकोही हसली. मी जिंकलो होतो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस चहाच्या टपरीवर एका पिशवीच्या हलकेपणाचा अभिमान घेऊन उभा होता.

संध्याकाळी पाण्याच्या बाजूला उंचवट्यावर तंबू लागले. इतरांचे तंबू जड होते, बाहेरच्या कापडासकट. माझा पारदर्शक पिंजरा मधे. तेव्हाही उजेड होता, तेव्हाही तो राखाडीच दिसत होता. अंधार पडायला लागला तशी बायको म्हणाली, "मी साडी नेसून घेतो. या पॅन्टवर भावजींसमोर वाढाले बरं नाई वाटत." हे नीट लक्षात घ्यावं. ती कपडे बदलायला गेली ती लाजेपोटी. चार परक्या पुरुषांसमोर नीट दिसावं म्हणून ती आत गेली.

दिवा मीच टांगला. छताच्या हुकाला, मधोमध. "दिसते का नीट?" मी विचारलं. "दिसते. जा तुमी." मी चेन लावली आणि विस्तवाकडे येऊन बसलो. शेजारी आमच्या फोरमनची नक्कल करत होता. मधेच तो थांबला. त्याचं तोंड तंबूकडे होतं. बाकीच्यांची बोलणीही एकदम बंद झाली. मी मागे बघितलं.

काय दिसलं ते मी लिहिणार नाही. सगळं दिसत होतं, एवढं पुरे. ती वाकून साडीच्या निऱ्या करत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. त्या काळोखात तेवढीच एक जागा उजळलेली होती.

चौघांनी मान खाली घातली. वजनकाटावाला पोरगा उठला, पाण्याकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला फक्त उठून जायचं होतं. मोजकी पावलं होती. जाऊन दिवा बंद करायचा, किंवा एक चादर घेऊन समोर उभं राहायचं. मी उठलो नाही. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्वच्छ आठवतं, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी उठलो तर यांना कळेल की मला कळलं. मग ही गोष्ट झाली असं होईल. मी बसून राहिलो तर कदाचित काही झालंच नाही असं होईल. हा विचार करायला मला वेळ मिळाला. म्हणजे उठायलाही मिळाला असता. मी शेजाऱ्याकडे वळलो आणि विचारलं, "चहात साखर टाकली का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टाकली."

ती साडी नेसून आली, पदर खांद्यावरून घेऊन. "भावजी, भाकरी काढू का? भूक लागली असन." तिनं सगळ्यांना वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. कोणी वर बघत नव्हतं, वाटीत बोटं घालून जेवत होते. ती आग्रह करत होती. "घ्या ना अजून. लाजता कावून, मी का परकी हाव?"

नंतर आम्ही दोघं त्या जाळीत आडवे झालो. दिवा मी आधीच बंद केला होता. वर सगळं आभाळ दिसत होतं. ती चांदण्या बघत होती. मग म्हणाली, "लई सभ्य हायेत तुमची माणसं. जेवतानी एकानं मान वर नाई केली." आणि मग, "अशी झोप मले लग्नाच्या आधी लागत होती." आणि ती खरोखर झोपली. मी जागा होतो. तिला हलवून सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. उलट मला सुटल्यासारखं वाटत होतं.

परत आलो. काही दिवसांत शॉपमध्ये माझ्या तंबूचं नाव पडलं होतं, टॉकीज. कोणी ठेवलं ते मला माहीत आहे, शेजाऱ्यानं. चहाच्या वेळेला कोणीतरी विचारायचं, "काय दादा, टॉकीज बेचून राहिले का?" दुसरा म्हणायचा, "अगला शो कब है?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या कानशिलात आग झाली. आणि मी हसलो. तोंडावर हसू आणलं आणि म्हटलं, "बंद पडली भाऊ ते टॉकीज." सगळे जोरात हसले. मी साथ दिली म्हटल्यावर त्यांना मोकळीकच मिळाली. त्यातल्या एकालाही मी नंतर वाईट म्हणू शकलो नाही. नवराच हसतो म्हटल्यावर त्यांनी काय म्हणून गप्प बसावं?

आणि तिकडे बायको खुशीत होती. रविवारी विहारात वंदना झाली की बायका थोडा वेळ बसतात, तिथे ती त्या रात्रीचं वर्णन करायची. चांदण्या कशा दिसल्या, पाण्यावर पक्षी कसे ओरडत होते, जीन्स घालून गाडीवर बसले म्हणून आमचे हे काय म्हणाले. ती मला घरी येऊन सांगायची, "साऱ्या बाया ऐकून राहिल्या होत्या. म्हणे आमाले बी घेऊन चाल." मी मान हलवायचो. शॉपमधली गोष्ट घरोघरी पोचली असेल, हे मला समजत नव्हतं असं नाही.

एके दिवशी ती बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीही न पिता समोर उभी राहिली.

"तंबूले टॉकीज कावून म्हणतात?"

मी पेपर वाचत होतो. तो मी खाली ठेवला नाही.

"कोण म्हणते?"

"साऱ्या सेक्टरले मालूम हाय, कोण म्हणते काय विचारता? भाजीवालीपाशी शेजारच्या भावजीची बायको भेटली. हसली अन् म्हणाली, तुमची ते टॉकीज मले बी पाहाची हाय. मी विचारलं काय ते. मंग तिचं तोंड उतरलं. मंग सांगतलं तिनं."

मी पेपरचं पान उलटलं.

"म्हणजे मी ज्या बायांले सांगत होती हौसेनं... चांदण्या अन् पाखरं..." ती थांबली. बोटांवर ती काहीतरी मोजत होती. मला वाटतं, कोणाकोणाला सांगितलं ते. मग तिनं हात खाली सोडला आणि विचारलं, "तुमी पायलं होतं?"

हाच तो प्रश्न. मला वाटतं तिनं तो सरळ विचारला होता, संशयानं नाही.

"माही पाठ होती तिकडं," मी म्हटलं. "मी विस्तवाकडं पाहून राहिलो होतो. मले बी शॉपमध्येच समजलं, नंतर."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा सैल पडला. "तेच म्हटलं मी," ती म्हणाली. "तुमाले मालूम असतं तर तुमी बसले असते का?"

त्यानंतर तिनं विहारात जाणं सोडलं. बाजारात मला पाठवायची. संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची सवय होती, तीही गेली. घरातले पडदे सूर्य मावळायच्या आधीच ओढले जायचे, आणि एक दिवस बघितलं तर मागच्या खिडकीला तिनं पडद्यावर पडदा लावला होता. कपडे बदलायला ती न्हाणीघरात जायची, दिवा न लावता. घरात आम्ही दोघंच. मी त्या न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभा राहायचो आणि आत चाचपडल्याचे आवाज ऐकायचो.

माझ्या शरमेचं मी काय केलं? मी दुसरा तंबू शोधायला लागलो. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. मोबाईल घेऊन बसायचो, जाळी कमी आणि कापड जास्त असलेले तंबू बघायचो. ज्या साइटवरून तंबू मागवला होता तिथे मी लांबलचक तक्रारही लिहिली, आतलं दिसतं, कुटुंबाच्या उपयोगाचा नाही, कोणी घेऊ नये. ती लिहून झाल्यावर अर्धा दिवस मला बरं वाटलं. नंतर तो तंबूही मी भंगारवाल्याला देऊन टाकला, दोन्ही भाग. बायकोनं विचारलं, "देला कावून? तंबूचा काय दोष?"

मग एका सकाळी, पहिली पाळी नसलेल्या दिवशी, ती अचानक चप्पल घालून निघाली. मी मागे गेलो. ती सरळ शेजाऱ्याच्या फाटकातून आत शिरली. तो व्हरांड्यात बसून स्कूटरचा प्लग साफ करत होता, त्याची बायको तांदूळ निवडत होती.

"भावजी," बायको मागे माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यायची तं पाठ होती तिकडं. तुमची नव्हती ना?"

शेजाऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. मी फाटकाजवळ उभा होतो.

"बोला ना. यायले मालूम असतं तर हे उठले असते. तुमाले मालूम होतं. तुमी कावून नाई सांगतलं यायले? एक शब्द टाकाचा होता, जा गा, दिवा बंद कर. मी तुमाले भाकरी वाढली त्या रात्री. तुमी खाल्ली, अन् सकाळी जाऊन टॉकीज म्हटलं?"

शेजाऱ्याची बायको सुपात बघत होती, बोटं थांबलेली. साखरेची गोष्ट तिलाही माहीत असणार. नवऱ्यानं घरी येऊन तीच तर सांगितली असेल आधी, की हा लेकाचा साखर विचारत बसला. मी तोंड उघडायला हवं होतं. विस्तवाजवळ वाटलं होतं तसंच पुन्हा वाटलं, आता बोललो तर सगळं संपेल, गप्प राहिलो तर हीही वेळ निघून जाईल.

शेजारी उठला. हाताला काळं लागलं होतं, तसेच हात त्यानं जोडले. "चुकलो वहिनी. माहीच चूक हाय सारी. याले काईच मालूम नव्हतं."

बायको रडली नाही. "ठीक हाय," म्हणाली आणि माझ्याजवळून फाटकाबाहेर निघाली. मी तिच्या मागे गेलो.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना शेजाऱ्यानं मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "तू माह्यासाठी..." त्यानं मला पुढे बोलू दिलं नाही.

"तुह्यासाठी नाई बे. तुह्या तोंडाकडं पाहाची इच्छा नाई मले. तिच्यासाठी बोललो. तिच्यापाशी आता तेवढंच उरलं हाय, का माहा माणूस तसा नाई. ते बी काढून घेऊ नको. सांगू नको तिले कधी, समजलं?"

हे मी खूप दिवस धरून बसलो. मला ते सोयीचं होतं. गप्प राहणं आता भित्रेपणा उरला नव्हता, तिच्या भल्यासाठी केलेली गोष्ट झाली होती. आणि खरंच, सांगून कोणाचं भलं होणार होतं? तिचं तर नाही. माझं मन हलकं करायला मी तिच्यावर अजून एक ओझं टाकायचं, यात कसली माफी? आजही याचं उत्तर मला नीट देता येत नाही. ती त्या दिवसांत थोडी सावरत होती. मुलीशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "नाई वं, तुह्या पप्पाले काई बोलू नको. त्यायले मालूम असतं तर एकेकाचा हात धरला असता त्यायनं." पलीकडून मुलगी काहीतरी हिंदीत रागानं बोलत होती. ही म्हणाली, "जाऊ दे. मले तुह्या बापाचा भरोसा हाय, बस झालं."

मग एप्रिल आला. जयंतीच्या तयारीची बैठक विहारात होती. बायकांच्या बाजूचं काम दरवर्षी हीच बघायची. तिनं पेटीतून पांढरी साडी काढली आणि पलंगावर ठेवली. मला म्हणाली, "मी येतो बैठकीले. तुमी संग राहा पण. पहिले तुमी आत जा, मंग मी. तुमी संग असले का मले कोणाच्या तोंडाकडं पाहाचं काम नाई."

इस्त्री गरम व्हायला ठेवून ती चहा करायला आत गेली आणि मी पलंगाच्या काठावर बसलो. मला ते सभागृह दिसायला लागलं. शेजारी असणार, त्याची बायको असणार, तिनं ज्या ज्या बायकांना सांगितलं असेल त्या असणार. मी पुढे, माझ्या मागे ही, मान वर करून, माझ्या भरवशावर. आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असेल की हा माणूस बघत होता आणि उठला नाही. एकट्या तिलाच माहीत नसेल. मी तिला पुन्हा तिथेच नेऊन उभी करणार होतो. सगळे बघणार, आणि ती आपली निश्चिंत. शेजाऱ्याचं म्हणणं तिच्या सुखापुरतं खरं असेल, पण हे मला करता येईना. इस्त्री बंद केली आणि स्वयंपाकघरात गेलो.

ती ओट्याशी उभी होती. चहाचं पाणी उकळत होतं. खिडकीवरचा पडदा ओढलेला होता, भर दुपारी.

"मले काई सांगाचं हाय," मी म्हटलं.

"सांगा ना. अद्रक टाकू का?"

"इकडं पाय."

ती वळली. माझा चेहरा बघून तिनं गॅस बंद केला. मला वाटतं, माझ्या पहिल्या शब्दाआधीच तिला समजलं होतं. तिनं मागे हात नेऊन ओटा धरला. ती थांब म्हणाली असती तर मी थांबलो असतो, इतका मी तेव्हाही भित्रा होतो. पण ती वाट बघत राहिली.

"माही पाठ नव्हती तिकडं," मी म्हटलं. "मी पायलं होतं. सारं पायलं. मले उठता येत होतं अन् मी नाई उठलो, मले लोकांची लाज वाटली. तुही नाई वाटली. मी साखर विचारत बसलो. शॉपमध्ये ते हसले तवा मी बी हसलो. तुले खोटं सांगतलं, अन् भावजीले तुह्यासमोर हात जोडू देले. त्यायची नाई, माही चूक होती. मले माफ कर."